अश्वाला विद्या देऊ पाहणारे गुरुजी : विल्हेल्म फॉन ओस्टेन

दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे घरोघर पाटीवर सरस्वती रेखाटून तिची पूजा होते. ज्या सरदार-मानकऱ्यांच्या दारी घोडा असे, त्यांच्या वाड्यांत त्याच दिवशी घोड्याला झूल घालून, कपाळी कुंकुमतिलक लावून ओवाळण्याचीही चाल होती. पाटी ही विद्येची खूण आणि घोडा ही पराक्रमाची. शालिहोत्राच्या परंपरेतील ग्रंथकारांनी अश्वांची लक्षणे, त्यांचे रोग आणि त्यांवरील औषधे यांचा बारकाईने विचार करून ठेवला आहे. चाबूकस्वारांनी घोड्याला नाना चाली शिकविल्या. परंतु घोड्यापुढे पाटी धरून त्याला बेरीज-वजाबाकी, अक्षरओळख आणि तिथी-वार शिकवावेत, असे आपल्या पूर्वजांपैकी कोणाच्या मनात आल्याचे ऐकिवात नाही. हा उद्योग बर्लिन शहरातील एका सेवानिवृत्त अध्यापकांनी केला. त्यापायी त्यांनी उतारवयातील वर्षे वेचली, जगभर कीर्ती मिळविली, आणि अखेर त्याच कीर्तीचे ओझे मनावर घेऊन इहलोकीची यात्रा संपविली. त्यांचे नाव विल्हेल्म फॉन ओस्टेन.

देवस्थानाच्या स्मरणिकेत एका परदेशस्थ शाळामास्तरांचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. या स्मरणिकेच्या वाचकांत आजी-माजी शिक्षकांची संख्या लहान नाही. आणि जे शिक्षक नाहीत तेही कधी काळी कोणा गुरुजींसमोर पाटी घेऊन बसलेले आहेतच. गुरूच्या मनातले शिष्यापर्यंत नेमके कसे पोहोचते, हा प्रश्न आपणां सर्वांचा आहे. त्या प्रश्नावर फॉन ओस्टेन यांच्या आयुष्याने, त्यांच्या इच्छेविरुद्ध का होईना, जो प्रकाश टाकला तो अद्याप मंदावलेला नाही.

फॉन ओस्टेन यांचा जन्म १८३८ सालचा. जर्मन माध्यमिक विद्यालयात ते गणिताचे अध्यापक होते. घोड्याची रपेट आणि शिकार हे त्यांचे दोन छंद. डोक्याच्या कवटीवरील उंचवट्यांवरून स्वभाव आणि बुद्धी ओळखण्याचे जे एक शास्त्र त्या शतकात युरोपात बोकाळले होते, त्यावरही त्यांचा विश्वास होता. पुढे ते शास्त्र निराधार ठरले. १८७१ साली डार्विन यांनी मानवाच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केल्यापासून मनुष्य आणि पशू यांच्या बुद्धीत केवळ कमी-अधिकपणाचा भेद आहे की जातीचाच, हा वाद विद्वानांत रंगला होता. फॉन ओस्टेन यांनी त्या वादाचा निकाल आपल्यापुरता लावून टाकला होता. पशू मुका आणि मूढ दिसतो याचे कारण त्याला कोणी शाळेत घातले नाही. त्यालाही लहान मुलासारखे पहिल्या धड्यापासून, न कंटाळता शिकविले तर तोही शिकेल, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती.

ज्ञानदेवांनी पैठणास रेड्यामुखी वेद वदविले, ही कथा आपण हात जोडून ऐकतो. तो सर्वांभूती एकच चैतन्य पाहणाऱ्या दृष्टीचा प्रांत. फॉन ओस्टेन यांचा प्रांत निराळा. त्यांना चमत्कार घडवावयाचा नव्हता, शिकवणी घ्यावयाची होती. आणि शिकवणीचे फळ कोणीही यावे आणि तपासून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांच्यापाशी प्रथम हान्स याच नावाचा एक घोडा होता. गाडीला जुंपलेला तो घोडा आपले म्हणणे समजून घेतो, असे त्यांना वाटू लागले होते. तो मरण पावल्यावर त्यांनी दुसरा घोडा घेतला आणि त्याचेही नाव हान्सच ठेवले. रशियातील काउंट ओर्लोव्ह यांच्या पागेत अठराव्या शतकात जी दुडक्या चालीची प्रसिद्ध पैदास सुरू झाली, त्या जातीचा हा उमदा घोडा. उत्तर बर्लिनमध्ये उंच चाळवजा इमारतींनी वेढलेल्या एका फरसबंद चौकात त्याचा तबेला होता. १९०० सालच्या सुमारास त्याच चौकात त्याची शाळा भरू लागली. गुरुजींचे वय तेव्हा साठीच्या पुढे गेलेले. पांढरे केस, डोक्यावर रुंद काठाची टोपी, आणि समोर काळाभोर फळा. विद्यार्थी एकच.

या शाळेची पद्धत आपल्या जुन्या पंतोजींनाही पसंत पडली असती, एवढी ती क्रमवार होती. प्रथम लाकडी खुंट्या मांडून एक, दोन, तीन अशी ओळख. मग मण्यांची पाटी. मग फळ्यावरचे अंक. अक्षरांसाठी त्यांनी एक तक्ता केला; प्रत्येक अक्षराला ओळीचा एक आणि घराचा एक असे दोन अंक दिले, आणि घोड्याने तेवढ्या टापा मारून अक्षर सांगावे अशी योजना केली. सुरांच्या ओळखीसाठी एक लहानसे वाद्य आणले. रंगीत कापडांची चिंधोटी ओळीने मांडून सांगितलेल्या रंगाचे कापड तोंडात धरून आणण्यास शिकविले. होकाराला मान वरखाली आणि नकाराला आडवी. उत्तर बरोबर आले की पावाचा तुकडा किंवा गाजर, ही बक्षिसी ठरलेली. चाबूक नव्हता. सुमारे चार वर्षे रोज ही शिकवणी चालली. शेजारपाजारच्या खिडक्यांतून लोक पाहत आणि हसत. गुरुजींनी तिकडे लक्ष दिले नाही.

या परिश्रमांना जे फळ आले ते पाहून पाहणारे थक्क झाले. हान्स उजव्या पायाच्या टापा मारून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करू लागला. अपूर्णांकांची उत्तरे देऊ लागला. घड्याळात किती वाजले, महिन्याची अमुक तारीख कोणत्या वारी येते, समोरच्या मंडळींत टोप्या घातलेले किती, हे सर्व तो सांगे. लोकांची नावे अक्षराअक्षराने जुळवी. स्वर बेसूर लागला तर मान हलवून नापसंती दाखवी. गुरुजींनी या खेळाला कधी तिकीट लावले नाही. कोणीही चौकात यावे, प्रश्न विचारावा, उत्तर पाहावे. १९०४ च्या उन्हाळ्यात वृत्तपत्रांतून या अश्वाची कीर्ती पसरली आणि त्या फरसबंद चौकात लष्करी अधिकारी, सरदार, प्राध्यापक, पत्रकार यांची रीघ लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या एका प्रमुख दैनिकानेही त्याची हकीकत छापली. लोक त्याला हुशार हान्स म्हणू लागले.

कीर्तीबरोबर संशय येतोच. काहींना यात लबाडी दिसली, काहींना विचारसंक्रमण दिसले, काहींना घोड्याच्या रूपाने एक पंडितच अवतरलेला दिसला. फॉन ओस्टेन यांनी स्वतःच तपासणीची मागणी लावून धरली. लबाड मनुष्य तपासणी टाळतो. हे गृहस्थ ती मागून घेत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ११ आणि १२ सप्टेंबर १९०४ रोजी तेरा जणांच्या समितीने घोड्याची परीक्षा घेतली. मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल स्टुम्फ हे तिच्यात प्रमुख होते. सर्कशीचे मालक पाउल बुश, बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक लुडविग हेक, एक पशुवैद्य, एक शरीरशास्त्रज्ञ, लष्करी अधिकारी आणि शाळाशिक्षक अशी ही समिती होती. जनावरांना शिकविण्याच्या युक्त्यांत आयुष्य घालविलेल्या सर्कसवाल्याच्या नजरेलाही येथे कोणतीच युक्ती सापडली नाही. फॉन ओस्टेन नसताना परक्या माणसांनाही घोडा उत्तरे देत होता. आफ्रिकेतील प्रवासाबद्दल प्रसिद्ध असलेले शिलिंग्स हे तर त्याच्याकडून गुरुजींइतकीच सहज उत्तरे घेत. येथे फसवणूक नाही, जाणूनबुजून केलेल्या खुणा नाहीत आणि प्रकरण अधिक अभ्यासास योग्य आहे, असा निर्वाळा समितीने दिला. घोडा विचार करतो असे समितीने म्हटले नव्हते. लोकांनी मात्र तोच अर्थ घेतला, आणि बहुधा गुरुजींनीही.

पुढचा अभ्यास स्टुम्फ यांचे तरुण सहकारी ऑस्कर फुंग्स्ट यांच्याकडे आला. त्यांच्या साहाय्यास एरिख फॉन होर्नबोस्टेल होते. बघ्यांचा उपद्रव नको म्हणून चौकात तंबू उभारला गेला. फुंग्स्ट यांनी विचारलेला मूळ प्रश्न इतका साधा होता की तो आधी कोणाला सुचला नाही याचेच नवल वाटावे. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल तर काय होते?

त्यांनी अंकांचे पुठ्ठे घेतले. विचारणाऱ्याने पुठ्ठ्यावरचा अंक पाहिला असेल तेव्हा शंभरातील ९८ वेळा घोड्याचे उत्तर बरोबर आले. पुठ्ठा न पाहता तो घोड्यापुढे धरला तेव्हा शंभरातील केवळ ८ वेळा. मग एकाने घोड्याच्या कानात एक संख्या सांगावी, दुसऱ्याने दुसरी, आणि दोघांनीही एकमेकांची संख्या जाणू नये, अशी बेरीज घातली. एरवी मोठमोठे हिशेब करणाऱ्या हान्सला ही बालवर्गातली बेरीज येईना. मग घोड्याच्या डोळ्यांना मोठी झापडे लावली. विचारणारा दिसत असता १०० पैकी ८९ उत्तरे बरोबर. दिसत नसता ६. झापडांच्या आडून विचारणाऱ्याला पाहता यावे म्हणून घोडा दावे ताणून मान वळविण्याचा एकसारखा प्रयत्न करी. ज्ञान घोड्याच्या मस्तकात नव्हते, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मस्तकात होते. आणि घोडा ते त्याच्या देहावरून वाचत होता.

कसे वाचत होता तेही फुंग्स्ट यांनी शोधून काढले. प्रश्न विचारून झाला की विचारणारा घोड्याच्या पायाकडे पाहण्यासाठी नकळत किंचित पुढे वाकतो. तेवढ्याने घोडा टापा सुरू करी. टापांची गणती योग्य संख्येशी येऊन पोहोचली की विचारणाऱ्याच्या मनावरचा ताण सुटतो आणि त्याचे मस्तक मिलिमीटरभर वर उचलले जाते. त्या क्षणी घोडा थांबे. भुवई उंचावली, नाकपुडी फुलली, एवढेही त्याला पुरे होई. समितीतील तेरा जणांना जे दिसले नाही ते या जनावराला दिसत होते. आश्चर्य असे की हे सर्व कळल्यावरही फुंग्स्ट यांना स्वतःचे मस्तक स्थिर ठेवणे अत्यंत कठीण जाई. पुढे प्रयोगशाळेत त्यांनी स्वतः घोड्याची भूमिका घेतली. समोरच्या माणसाने मनात एक संख्या धरावी आणि यांनी हाताने ठोके देत जावे. २५ जणांपैकी २३ जणांनी आपणांस न कळत थांबण्याची खूण दिली.

आपल्याकडे नंदीबैलवाला दारी येतो. यंदा पाऊस पडेल का, बाईला मुलगा होईल का, असे विचारतो आणि नंदी मान डोलावतो. गुबुगुबु वाजणाऱ्या वाद्यात आणि हातातल्या दोरीत खूण लपलेली आहे हे नंदीवाल्याला माहीत असते. आपल्यालाही माहीत असते, आणि तरी आपण सुपातले धान्य आनंदाने त्याच्या झोळीत घालतो. फॉन ओस्टेन यांची गोष्ट याहून करुण आहे. तेथे खूण होती, पण देणाऱ्यालाच तिचा पत्ता नव्हता. चार वर्षे त्यांनी अंकगणित शिकविले असे त्यांना वाटले. घोडा मात्र त्या चार वर्षांत गुरुजींचा चेहराच शिकला. गाजर मिळते ते फळ्यावरच्या आकड्याकडे पाहून मिळत नाही, गुरुजींच्या मस्तकाकडे पाहून मिळते, हे त्याने ओळखले आणि त्या एका विषयात तो पारंगत झाला.

९ डिसेंबर १९०४ रोजी हा निष्कर्ष जाहीर झाला. तत्पूर्वी प्रयोग चालू असतानाच, एकामागून एक उत्तरे चुकू लागलेली पाहून फॉन ओस्टेन चकित झाले होते आणि त्यांचा राग घोड्यावरच निघाला होता. त्यांचा स्वभावच असा दुहेरी होता. शिकविताना अपार धीर. मनाविरुद्ध झाले की तत्काळ संताप. घोडा अभ्यासकांच्या स्वाधीन दिवसेंदिवस करण्याचे औदार्य त्यांच्यात होते, तसाच क्षुल्लक अटींसाठी अडून बसण्याचा हट्टही होता. क्षणभर त्यांनाही सत्य जाणवले असावे. पण एका रात्रीत मन पुन्हा सावरले आणि श्रद्धा पूर्ववत झाली. पुढे त्यांनी फुंग्स्ट यांना चौकाची दारे बंद केली. फुंग्स्ट यांचा सविस्तर ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर विद्वज्जनांचे येणे आटले. चेष्टा करणाऱ्यांना मात्र हान्स हा एक कायमचा विषय मिळाला. २९ जून १९०९ रोजी फॉन ओस्टेन यांचा देहान्त झाला.

त्यांच्यावर लबाडीचा आरोप टिकला नाही. स्टुम्फ यांनी आणि फुंग्स्ट यांनीही त्यांना या आरोपातून निःसंदिग्धपणे मुक्त केले. परंतु जो मनुष्य सत्याचाच दावा करीत होता त्याला केवळ प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र देणे म्हणजे दुःखावर मीठ चोळण्यासारखेच होते. आयुष्याच्या संध्याकाळी एक गोष्ट हाती लागली असे वाटावे, जगाने ती डोक्यावर घ्यावी, आणि चारच महिन्यांत ती हातची निघून जावी, हे सोसणे कोणालाही सोपे नाही.

त्यांच्या पश्चात हान्स एल्बरफेल्ड येथील जवाहिरे कार्ल क्राल यांच्याकडे गेला. क्राल यांचीही पशुबुद्धीवर गाढ श्रद्धा होती. त्यांनी मुहमेद आणि झरीफ या दोन अरबी घोड्यांना शिकविले, १९१२ साली विचारशील प्राण्यांविषयी मोठा ग्रंथ लिहिला, आणि नोबेल पारितोषिक मिळविलेले साहित्यिक मॉरिस मेटरलिंक यांच्यासारखे पाहुणे एल्बरफेल्डला त्या घोड्यांना पाहण्यास गेले. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि घोड्यांना लष्करात नेण्यात आले. ज्या हान्सला चार वर्षे पाव आणि गाजर देऊन अक्षरे शिकविली गेली, त्याची १९१६ नंतर कोठेही नोंद आढळत नाही.

मग फॉन ओस्टेन यांच्या श्रमांचे काय झाले? ते वाया गेले असे म्हणणे वरवरचे ठरेल. विचारणाऱ्याची अपेक्षा उत्तरात शिरते, हा धडा त्यांच्या चौकातूनच जगाला मिळाला, आणि मानसशास्त्रात तो हान्सच्याच नावाने ओळखला जातो. आज नव्या औषधाची कसोटी घेताना खरे औषध कोणत्या रुग्णाला आणि पोकळ गोळी कोणाला, हे रुग्णापासून तर लपवितातच, पण देणाऱ्या डॉक्टरापासूनही लपवितात. त्यामागे आपल्या आशेपासून आपल्यालाच दूर ठेवण्याची जी सावधगिरी आहे, तिचे महत्त्व या घोड्याने ठसठशीतपणे पटवून दिले. संगणकही यातून सुटलेला नाही. २०१९ साली बर्लिनमधीलच संशोधकांनी दाखवून दिले की चित्रांतला घोडा अचूक ओळखणारी एक संगणक-प्रणाली प्रत्यक्षात घोड्याकडे पाहतच नव्हती; त्या छायाचित्रांच्या कोपऱ्यात छापलेली मालकीची ओळ पाहून ती उत्तर देत होती. संशोधकांनी या दोषाला नाव दिले तेही हान्सचेच.

आणि शाळेत काय? अमेरिकेतील रोझेंथाल आणि जेकबसन यांनी १९६८ साली एका प्राथमिक शाळेतील प्रयोग प्रसिद्ध केला. साधारण पाचांतील एक या प्रमाणात मुलांची नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून ही मुले यंदा चमकणार असे शिक्षकांना सांगितले गेले. वर्षअखेरीस, विशेषतः खालच्या वर्गांत, त्या मुलांची प्रगती इतरांहून अधिक भरली. या प्रयोगाच्या मोजमापावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण त्याने शिक्षकांच्या मनात एक प्रश्न कायमचा ठेवला. फळ्याजवळ उभे असलेले मूल उत्तर लिहिता लिहिता मागे वळून गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहते. गुरुजींची भुवई चढली की सातचे आठ होतात, आठचे नऊ होतात, आणि कपाळावरची आठी सरली की खडू थांबतो. वर्ग शाबासकी देतो. त्या मुलाला गणित आले की गुरुजी आले, हे ओळखण्याची कसोटी एकच : क्षणभर गुरुजींनी खिडकीबाहेर पाहावे.

यात चेहऱ्याची ही भाषा वाईट आहे असे नव्हे. तिच्यातूनच धीर मिळतो, माया मिळते, आणि दगडासारख्या चेहऱ्याच्या मास्तरांकडून कोणी काही शिकल्याचे फारसे दिसत नाही. पण ज्या शिष्याला केवळ गुरूचा चेहरा वाचता आला तो गुरूच्या पश्चात रिता राहतो. गुरूचे खरे दान ते, जे गुरू पाठमोरा झाल्यावरही शिष्यापाशी शिल्लक उरते. घरात मुलाला वळण लावणारे आईबाप आणि समाजात तरुणांना मार्ग दाखविणारे वडीलधारे यांनाही हाच नियम लागू आहे.

फॉन ओस्टेन यांनी एका मुक्या जनावराला तुच्छ मानले नाही. त्याला मारले नाही, त्याच्या जिवावर पैसा मिळविला नाही, आणि जे आपणांस सत्य वाटले ते परीक्षेसाठी जगापुढे उघडे ठेवले. परीक्षेचा निकाल स्वीकारण्याचे बळ मात्र त्यांच्या अंगी आले नाही. ते बळ किती जणांच्या अंगी असते, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. अंकगणिताच्या त्या शिकवणीतून अंकगणित कोणीच शिकले नाही. परंतु शिकविणे म्हणजे काय, हे जगातील शिक्षकांना अधिक स्पष्ट कळले. सरळ मनाच्या, हट्टी आणि मायाळू अशा या अध्यापकांच्या स्मृतीस, तसेच त्यांच्या चेहऱ्याकडे सतत टक लावून पाहणाऱ्या त्या इमानी अश्वाच्या स्मृतीस, आमचे नम्र अभिवादन.